मिठाने बर्फ वितळतो की गार होतो?

शाळेच्या विज्ञानात काही वाक्ये अशी असतात की ती चूक नसतात, पण ती पाठ झाली की पुढचा विचार थांबतो. 'अपद्रव्य मिसळल्याने द्रवाचा गोठणबिंदू कमी होतो' हे त्यांपैकी एक. हे वाक्य ज्यांना पाठ आहे अशा नववी-दहावीच्या मुलांना दोन साधे प्रश्न विचारून पाहावेत. पहिला : बर्फावर मीठ टाकले तर काय होईल? उत्तर येते, 'बर्फ लवकर वितळेल.' दुसरा : कुल्फीवाला मटक्यातल्या बर्फात मीठ का घालतो? उत्तर येते, 'बर्फ जास्त गार व्हावा म्हणून.' दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण मिळतात. आता तिसरा प्रश्न विचारावा : वितळायला तर उष्णता लागते, मग जो बर्फ मिठाने वितळतो, तोच जास्त गार कसा होतो? इथे बहुतेक वर्ग गप्प होतो.

ही शांतता मुलांच्या बुद्धीचा दोष नव्हे, असे आमचे म्हणणे आहे. हा विषय मांडण्याची जी रीत पाठ्यपुस्तके, मार्गदर्शके आणि प्रश्नपत्रिका यांनी मिळून रूढ केली आहे, तिच्यात तीन उणिवा आहेत. उदाहरण परक्या मुलखातले, स्पष्टीकरण अर्धवट, आणि उष्णतेचा हिशेब गायब. या तिन्हींची तपासणी करण्यासाठी हा लेख.

उदाहरण कोणाच्या अंगणातले?

मीठ आणि बर्फ म्हटले की हमखास येणारे उदाहरण म्हणजे युरोप-अमेरिकेतले रस्ते. हिमवर्षाव झाला की तिथे रस्त्यावर मीठ पसरतात, बर्फ वितळतो, गाड्या घसरत नाहीत. उदाहरण खरे आहे. पण ते हिंगोली जिल्ह्यातल्या पुसेगावच्या वर्गात काय काम करते ते पाहा. (साताऱ्याकडचे, सेवागिरी महाराजांच्या यात्रेचे पुसेगाव वेगळे. आम्ही बोलतो आहोत ते मराठवाड्यातले, संत नामदेवांच्या नर्सीच्या मुलखातले.) इथे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. आभाळातून पडणारा बर्फ म्हणजे फार तर गारपीट, आणि ती पडली की मीठ शोधायचे कोणाला सुचत नाही. हरभरा-गव्हाचे काय झाले हे पाहायला सगळे शेताकडे धावतात. रस्त्यावरच्या बर्फाचे उदाहरण या मुलाने डोळे मिटून मान्य करायचे असते. पडताळून पाहण्याची सोयच नाही.

पण या मुलाचा बर्फाशी संबंध नाही असे मुळीच नाही. रसवंतीच्या गाड्यावर, गोळेवाल्याकडे, लग्नाच्या मांडवात पाण्याच्या टाकीत सोडलेल्या लादीच्या रूपाने बर्फ त्याला चांगला माहीत आहे. गोणपाटात नि लाकडाच्या भुशात गुंडाळलेली ती लादी कुठून येते, हा प्रश्न विचारला की आपण थेट विषयाच्या मध्यावर येऊन पोचतो. कारण लादी तयार होते ती मिठाच्या पाण्यात!

बर्फाच्या कारखान्यात एक मोठी टाकी असते. तिच्यात मिठाचे दाट द्रावण भरलेले असते. अमोनियाच्या यंत्रणेने ते शून्याखाली सुमारे ८ ते १० अंशांपर्यंत थंड करतात आणि पंख्याने सतत फिरते ठेवतात. साधे पाणी भरलेले पत्र्याचे उंच डबे या द्रावणात बुडवून ठेवले, की डब्यातल्या पाण्याची उष्णता पत्र्यातून बाहेरच्या द्रावणात जाते आणि काही तासांनी आतले पाणी गोठते. मग डबा थोडा वेळ साध्या पाण्यात धरून लादी सुटी करून घेतात.

म्हणजे एकाच टाकीत, एका पातळ पत्र्याच्या अलीकडे-पलीकडे दोन पाणी आहेत. आतले गोठते, बाहेरचे आतल्यापेक्षा थंड असूनही वाहते राहते. गोठणबिंदू कमी होण्याचे इतके बोलके उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. टाकीत साधे पाणी भरले असते तर आधी तेच गोठले असते आणि डबे त्यात अडकून बसले असते. मुलांना आकडाही देता येतो. वजनाने १०० भाग द्रावणात ५ भाग मीठ असेल तर ते सुमारे उणे ३ अंशांना गोठू लागते, १० भाग असेल तर उणे साडेसहाच्या आसपास, १४ भाग असेल तर उणे १०, आणि २० भाग असेल तर उणे साडेसोळाच्या आसपास. टाकीचे तापमान उणे १० ठेवायचे तर द्रावण किती दाट हवे, हे मूल स्वतः काढू शकते. अमोनियाच्या नळ्यांलगत द्रावण टाकीच्या मानाने आणखी थंड होते, म्हणून प्रत्यक्षात ते याहून दाट ठेवावे लागते, हेही त्याला सुचू शकते.

इथे एक बारीक भेद आहे, आणि तो पुढे उपयोगी पडणार आहे. कारखान्यातल्या टाकीत थंडी येते ती अमोनियाच्या यंत्रणेतून. मीठ तिथे फक्त पाण्याला गोठू देत नाही. कुल्फीच्या मटक्यात मात्र यंत्र नाही, वीज नाही. तरीही तापमान शून्याच्या बऱ्याच खाली जाते. 'मीठ थंडावा देते' हे सरधोपट वाक्य या दोन गोष्टींची सरमिसळ करते.

'मध्ये येणारे' कण

आता स्पष्टीकरणाकडे वळू. मिठामुळे पाणी उशिरा का गोठते, या प्रश्नाचे सर्रास दिले जाणारे उत्तर असे : मिठाचे कण पाण्याच्या रेणूंच्या मध्ये येतात आणि त्यांना एकत्र येऊ देत नाहीत. ऐकायला पटते. पण विज्ञानातले चित्र पटते की नाही यापेक्षा ते कसोटीला उतरते की नाही हे महत्त्वाचे.

कसोटी साखरेची घेऊ. साखरेचा रेणू मिठातल्या सोडियमच्या किंवा क्लोरिनच्या कणापेक्षा कितीतरी मोठा. 'मध्ये येऊन अडवणे' हेच कारण असेल, तर साखरेचा एकेक रेणू जास्त अडथळा करील, नाही का? प्रयोग तसे सांगत नाही. एक किलो पाण्यात ३४२ ग्रॅम साखर, म्हणजे एक मोल, विरघळवली तर गोठणबिंदू सुमारे १.८६ अंशांनी उतरतो. एक किलो पाण्यात ५८.५ ग्रॅम मीठ, म्हणजे तेही एक मोल, विरघळवले तर तो सुमारे ३.४ अंशांनी उतरतो, जवळजवळ दुप्पट. वजनाने तुलना केली तर फरक आणखी डोळ्यांत भरतो. तेवढ्याच ५८.५ ग्रॅम साखरेने गोठणबिंदू जेमतेम ०.३ अंशाने उतरेल.

ही दुप्पट येते कुठून, या प्रश्नाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रसायनशास्त्र हलवून सोडले. मिठाच्या प्रमाणात गोठणबिंदू उतरतो हे चार्ल्स ब्लॅग्डेन याने १७८८ मध्येच दाखवले होते. फ्रान्समध्ये राऊल्ट याने १८८० नंतरच्या दशकात अनेक पदार्थ तपासले आणि परिणाम रेणूंच्या संख्येवर अवलंबून असतो हे स्पष्ट केले. पण मिठासारखे क्षार या हिशेबात बसेनात; त्यांचा परिणाम अपेक्षेपेक्षा जास्त येई. स्वीडनच्या अऱ्हेनिअसने सांगितले की पाण्यात मिठाचा एक घटक एकसंध राहतच नाही. त्याचे दोन विद्युत्भारित कण, म्हणजे आयन, होतात. एकाचे दोन झाले म्हणून परिणाम दुप्पट. ही कल्पना मांडणाऱ्या १८८४ च्या प्रबंधाला त्याच्या विद्यापीठात फारसे चांगले गुण मिळाले नाहीत. आयनांच्या याच सिद्धान्तासाठी १९०३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आयन आहेत हे पटवून देणाऱ्या पुराव्यांत गोठणाऱ्या मीठपाण्याचे तापमानही होते, ही गोष्ट आयनांचा धडा शिकवताना आपण सांगतो का?

तेव्हा मोजायचे ते कणांचे डोके, त्यांचा आकार नव्हे. मग 'अडवण्या'च्या जागी कोणते चित्र द्यावे? आम्ही सुचवतो ते देवाणघेवाणीचे. शून्य अंशांना बर्फ आणि पाणी शेजारी असतात तेव्हा त्यांच्या सीमेवर सतत ये-जा चालू असते. काही रेणू बर्फातून सुटून पाण्यात येतात, काही पाण्यातून बर्फाला जाऊन चिकटतात. दोन्ही संख्या सारख्या असल्या की बर्फ वाढत नाही नि घटतही नाही. आता पाण्यात मीठ आले. बर्फात मीठ शिरत नाही, म्हणून बर्फातून सुटणाऱ्यांची संख्या पहिल्याइतकीच राहिली. पण द्रवाच्या बाजूला पाण्याचे रेणू मिठाच्या कणांमुळे विरळ झाले, म्हणून परत चिकटणारे कमी झाले. जाणारे जास्त, येणारे कमी. बर्फ घटू लागला. पुन्हा बरोबरी व्हायची तर तापमान उतरले पाहिजे, कारण थंडीत बर्फातून सुटणे अधिक मंदावते. ज्या तापमानाला बरोबरी होईल तो नवा गोठणबिंदू. हे चित्रही शेवटचे नव्हे. वरच्या वर्गात एन्ट्रॉपीच्या भाषेत तेच अधिक नेमकेपणाने सांगता येते. पण हे चित्र साखरेच्या कसोटीला उतरते, आणि 'मध्ये येणाऱ्या' कणांचे चित्र तिथे कोसळते.

थंडी कुठून आली?

आता लेखाच्या सुरुवातीचा तिसरा प्रश्न. त्याचे उत्तर आपल्या पुस्तकांत आहे, फक्त ते दुसऱ्या प्रकरणात आहे. अप्रकट उष्म्याच्या प्रकरणात मुले शिकतात की १ ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते. द्रावणांच्या प्रकरणात ती शिकतात की मिठाने गोठणबिंदू उतरतो. या दोन प्रकरणांची गाठ कोणी घालून देत नाही.

गाठ अशी. मीठ टाकल्यावर ये-जा बिघडते आणि बर्फ वितळू लागतो. वितळायला उष्णता हवी. आपण खाली चूल पेटवलेली नाही, भांडे गोणपाटात गुंडाळले आहे. मग ती उष्णता येणार कुठून? उरलेल्या बर्फातून, तयार झालेल्या मीठपाण्यातून, आणि आत ठेवलेल्या दुधातून. ज्यांच्याकडून उष्णता घेतली जाते ते थंड होतात. म्हणजे 'बर्फ वितळतो' आणि 'बर्फ गार होतो' ही एकाच घटनेची दोन वर्णने आहेत. वितळतो म्हणूनच गार होतो.

कागदावर हिशेब करून पाहू. शून्य अंशांचा १ किलो बर्फ घेतला आणि मिठामुळे त्यातला १०० ग्रॅम वितळला असे धरू. त्यासाठी १०० × ८० = ८,००० कॅलरी लागल्या. बाहेरून काहीच आले नाही असे मानले तर त्या उरलेल्या मिश्रणातूनच गेल्या. उरलेला ९०० ग्रॅम बर्फ (विशिष्ट उष्मा ०.५) दर अंशाला ४५० कॅलरी देतो; १०० ग्रॅम पाणी आणि त्यातले मीठ मिळून सुमारे १०० कॅलरी देते. एकूण ५५०. ८,००० ला ५५० ने भागले की उत्तर येते साडेचौदा. म्हणजे केवळ दहावा हिस्सा बर्फ वितळला तरी सगळे मिश्रण उणे साडेचौदा अंशांच्या आसपास जाऊ शकते. आणि १०० ग्रॅम पाणी त्या तापमानालाही द्रव राहायला मीठ किती हवे? सुमारे २३ ग्रॅम. प्रत्यक्षात बाहेरची हवा आणि आतले दूध सारखी उष्णता देत राहतात, म्हणून बर्फही जास्त वितळतो नि मीठही पुष्कळ जास्त लागते. तरीही हा हिशेब नववीच्या मुलाला करता येतो, आणि तो एकदा केला की 'मीठ थंडावा देते' हे वाक्य पुन्हा तोंडी येत नाही.

इथे आणखी एक गोंधळ दूर केला पाहिजे. काही मार्गदर्शकांत कुल्फीच्या थंडीचे कारण 'मीठ विरघळताना उष्णता शोषते' असे देतात. मीठ विरघळताना उष्णता शोषते हे खरे, पण फारच थोडी. १०० ग्रॅम पाण्यात १० ग्रॅम मीठ विरघळले तर तापमान एक-दीड अंश उतरते, बस्स. विरघळण्याने थंडी निर्माण करायची तर शोरा हवा. तेवढ्याच शोऱ्याने तापमान सात-आठ अंश उतरते. अकबराच्या दरबारात शोऱ्याने पिण्याचे पाणी गार करीत, हे अबुल फजलच्या 'ऐन-ए-अकबरी'त नोंदलेले आहे. त्या रीतीत बर्फ नव्हता. शोऱ्याची सुरई आणि कुल्फीचा मटका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत विरघळणे काम करते, दुसरीत वितळणे. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरोघर फिरणारा आइस्क्रीमचा लाकडी पॉट, ज्याचे हाताने फिरवायचे रूप अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन या बाईंनी १८४३ मध्ये पेटंट केले, तोही दुसऱ्याच जातीचा.

उणे २१ चा धाक

बर्फ-मिठाच्या मिश्रणाचे तापमान किती, असे विचारले की 'उणे २१ अंश' हे उत्तर छापील मिळते. हा आकडा खरा आहे, पण तो एका मर्यादेचा आकडा आहे. द्रावणात मीठ वजनाने सुमारे २३ टक्के झाले की ते उणे २१ अंशांना गोठते. त्याहून खाली मीठ आणि बर्फ दोन्ही घनरूपाने वेगळे होतात आणि द्रव उरतच नाही. म्हणून आणखी कितीही मीठ ओतले तरी तापमान याखाली जात नाही. फार थंड मुलखात नुसते मीठ रस्ते मोकळे करू शकत नाही त्याचे कारण हेच. शिवाय या मर्यादेच्या बऱ्याच आधीच त्याचा वेग मंदावतो. तापमापीवर शून्य कुठे मांडायचे हे ठरवताना फॅरनहाइटने १७२४ साली जी मिश्रणे वर्णिली, त्यांत बर्फ, पाणी आणि नवसागर यांचे मिश्रण होते. त्याचा शून्य म्हणजे आपले सुमारे उणे १८ अंश.

आता हा प्रयोग साध्या शाळेत करून पाहा. खडे मीठ आणि ठेचलेला बर्फ पेल्यात घातला तर तापमापी उणे ६, उणे ८ असे काही दाखवते. बर्फाचे तुकडे मोठे असतात, मीठ सगळीकडे पोचत नाही, चाळीस अंशांची हवा पेल्याला तापवत असते. शाळेतली नेहमीची तापमापी तर उणे १० च्या खाली आकडेच दाखवत नाही. अशा वेळी प्रयोगवहीत 'उणे ७ अंश' असे प्रामाणिकपणे लिहिणारा मुलगा आणि गाइडमधून 'उणे २१ अंश' उतरवणारा मुलगा यांपैकी गुण कोणाला मिळतात? या लेखाचा खरा प्रश्न हा आहे. छापील आकड्याशी न जुळलेले निरीक्षण आपण खोडले, की मूल एकच गोष्ट शिकते : पाहायचे नाही, उतरवायचे. मिठाचा धडा ते पुढे विसरेल. ही सवय विसरणार नाही.

एकच बिंदू की घसरगुंडी?

'गोठणबिंदू' या शब्दातला 'बिंदू' शुद्ध पाण्यासाठी योग्य आहे. द्रावणासाठी तो फसवा आहे. समुद्राचे पाणी, ज्यात किलोमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, उणे १.९ अंशांच्या आसपास गोठायला लागते. लागते, संपत नाही. जो बर्फ बनतो तो जवळजवळ गोडा असतो, कारण बर्फाच्या जाळीत मिठाला जागा नसते. मीठ उरलेल्या पाण्यात ढकलले जाते, ते पाणी आणखी खारे होते, त्याचा गोठणबिंदू आणखी खाली घसरतो. सगळे गोठायला तापमान खूप खाली न्यावे लागते.

याचा पुरावा पुसेगावच्या मुलाने शेकडो वेळा पाहिला आहे. लादी कडेला काचेसारखी नितळ असते आणि मधोमध दुधी-पांढरा पट्टा असतो. डब्यात पाणी बाहेरून आत गोठत जाते. पाण्यात विरघळलेले क्षार आणि हवा बर्फात न शिरता आत आत सरकतात आणि शेवटी मध्यावर अडकतात. तो पांढरा पट्टा म्हणजे बर्फाने नाकारलेल्या गोष्टींची नोंद. समुद्र न पाहताही समुद्राच्या बर्फाचा धडा रसवंतीच्या गाड्यावर शिकता येतो.

मुले चौकस असली तर पुढचा प्रश्न नक्की येईल : आपल्या बोअरचे पाणी खारट लागते, मग ते उशिरा गोठते का? शेजारच्या विदर्भात पूर्णा नदीच्या खोऱ्यात तर अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टाच आहे. हिशेब करू. लिटरमागे २ ग्रॅम मीठ असेल तर गोठणबिंदू सुमारे ०.१३ अंशाने उतरतो. जिभेला जे खारट लागते ते शाळेच्या तापमापीला कळतच नाही. 'फरक पडतो, पण आपल्या साधनाला दिसत नाही' हे उत्तर मुलांना द्यायला हरकत नाही. मोजमापाच्या मर्यादेचा तो उत्तम धडा आहे.

आणि असा बारीक फरक निरुपयोगी असतो असेही नाही. दुधात विरघळलेल्या साखरेमुळे व क्षारांमुळे ते सुमारे उणे ०.५४ अंशांना गोठू लागते, आणि हा आकडा फारसा हलत नाही. दुधात दहा टक्के पाणी मिसळले तर तो उणे ०.४९ च्या जवळ येतो. अंशाच्या विसाव्या भागाचा फरक, पण दूध तपासणाऱ्या प्रयोगशाळेतले उपकरण तो पकडते. पाणी घालून वर मीठ किंवा साखर घातली तर आकडा पुन्हा जागेवर आणता येतो, म्हणून ही एकटी चाचणी पुरत नाही. गोठणबिंदू समजलेला विद्यार्थी भेसळ कशी पकडतात हेही सांगू शकतो आणि ती चाचणी कशी फसते हेही.

धडा कसा असावा?

पुस्तकाची बाजूही पाहिली पाहिजे. पाने मोजकी, अभ्यासक्रम मोठा, आणि एकच पुस्तक मुंबईपासून मेळघाटापर्यंत चालायचे. दोन प्रकरणांची गाठ घालणे पुस्तकाला जमले नसेल. शिक्षकाला ते एका तासिकेत जमू शकते.

दोन सारखे स्टीलचे पेले घ्यावेत. दोन्हींत सारखा ठेचलेला बर्फ भरावा. एकात बर्फाच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्याइतके मीठ मिसळून ढवळावे. मुलांना आधी अंदाज लिहायला सांगावा : कोणत्या पेल्यात पाणी जास्त होईल? कोणता पेला जास्त थंड असेल? अंदाज वहीत पक्का झाल्यावरच तापमापी हातात द्यावी. दर मिनिटाला नोंद घ्यावी. मिठाच्या पेल्यात पाणीही जास्त आणि तापमानही खाली, हे दिसले की वाद सुरू होईल. तो होऊ द्यावा. पेला पाण्याचे चार थेंब टाकलेल्या लाकडी पाटीवर ठेवला तर तळाशी चिकटून बसेल. बाहेरून जमणारे पांढरे हिमकण पावसाळ्यात छान दिसतात. उन्हाळ्यात मराठवाड्याची हवा कोरडी, तेव्हा ते कमी दिसले तर का, हाही एक प्रश्नच. शेवटी बारीक परीक्षानळीत साधे पाणी घालून ती मिठाच्या पेल्यात उभी करावी. काही वेळाने नळीत बर्फ धरेल, आणि बर्फाचा कारखाना वर्गात उभा राहील.

एक इशारा मात्र ठामपणे द्यावा. बर्फ-मिठाचे मिश्रण हातावर दाबून 'कोण जास्त वेळ धरतो' असा खेळ मुले करतात. नुसत्या बर्फाच्या मानाने हे मिश्रण कितीतरी थंड असते आणि कातडी भाजल्यासारखी जखमी होते. 'मिठाने बर्फ वितळतो' एवढेच शिकलेल्या मुलाला यात धोका दिसत नाही. तो दिसायला धड्याचा दुसरा अर्धा भाग माहीत असावा लागतो. प्रयोगातला बर्फ आणि मीठ खाऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

राहता राहिली प्रश्नपत्रिका. 'कारणे द्या : कुल्फी गोठवताना बर्फात मीठ घालतात' हा प्रश्न वर्षानुवर्षे विचारला जातो आणि एका ओळीच्या उत्तरावर तपासला जातो. आमची सूचना आहे की शाळेच्या सहामाहीत तरी तो बदलून असा विचारावा : 'मीठ घातल्यावर बर्फ वितळतो, तरीही मिश्रण थंड होते. वितळण्यासाठी लागणारी उष्णता कोठून येते ते सांगा.' याला पाठांतर पुरणार नाही. पहिल्या वर्षी गुण कमी पडतील. पण ज्यांना पडतील त्यांनी उत्तर लिहिण्याआधी पेल्यातला बर्फ आठवलेला असेल, आणि विज्ञानाच्या पेपरात याहून जास्त आपल्याला काय हवे असते?